विकत घेतलेला गारवा

उन्हाळ्याची सुटी लागली कीं मुंबईच्या सुशिक्षित कुटुंबांतून एक वाक्य हमखास ऐकूं येतें : "या उन्हांत येथें पाहण्यासारखें आहे तरी काय?" ज्यांना महाबळेश्वर किंवा माथेरान गाठतां येतें ते तें गाठतात. उरलेले शनिवार उजाडतांच मुलांना घेऊन एखाद्या मॉलची वाट धरतात, तेथील गार हवेंत दिवस काढतात आणि हातांत चार पिशव्या घेऊन घरीं परततात. यालाच आतां सहल म्हणण्याचा प्रघात पडला आहे. आमचें म्हणणें असें कीं, ही सहल नव्हे. नागरिकानें आपल्या शहरावरील हक्क आपण होऊन सोडल्याची ती पावती आहे.

प्रथम त्या प्रश्नाचेंच उत्तर देऊं. भायखळ्याची राणीची बाग १८६२ सालापासून लोकांसाठीं उघडी आहे. मुलें तेथें पेंग्विन पाहण्यास धांवतात, तें ठीकच. पण त्या बागेचें खरें वैभव म्हणजे तिचे जुने वृक्ष, आणि त्यांच्याकडे मान वर करून पाहणारा मात्र विरळा. आवारांतच १८७२ सालीं उघडलेलें वस्तुसंग्रहालय आहे. त्यास आज डॉ. भाऊ दाजी लाड यांचें नांव आहे. त्याच्या बाहेर जो दगडी हत्ती उभा आहे, त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनीं घारापुरीस 'एलिफंटा' हें नांव दिलें. उत्तरेस बोरिवलीच्या वनांत कान्हेरीचीं शंभराहून अधिक लेणीं आहेत. एखाद्या रविवारीं ऊन चढण्यापूर्वीं तेथें जावें आणि पावसाचें पाणी सांठविण्यासाठीं भिक्षूंनीं कातळांत खोदलेलीं टाकीं मुलांना दाखवावीं. पाण्याच्या काटकसरीवर निराळें व्याख्यान देण्याचें कारण उरत नाहीं. समुद्रापेक्षां जमीन लवकर तापते, म्हणून दुपारीं पश्चिमेचा वारा सुटतो. गिरगांव चौपाटीवर अगर शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर तो कोणाकडूनही दाम घेत नाहीं.

यावर प्रतिपक्षाचें उत्तर ठरलेलें आहे. मॉलमध्यें सांवली आहे, स्वच्छ शौचकूप आहे, प्यावयास पाणी आहे, म्हाताऱ्या माणसास टेंकावयास जागा आहे; बाहेर यांतील काय आहे? हा आक्षेप खोटा नाहीं. लहान मूल कडेवर घेऊन दिवसभर हिंडणाऱ्या आईला तो क्षुल्लक वाटणारही नाहीं. पण त्यांतून निष्कर्ष कोणता काढावयाचा? घराचें छप्पर गळूं लागलें तर शाहणा मनुष्य तें शाकारतो; शेजाऱ्याच्या ओटीवर भाडें भरून बसत नाहीं. ज्या सोयींसाठीं आपण महानगरपालिकेस कर देतों, त्या तिच्याकडे न मागतां दुकानदाराकडून दुसऱ्यांदा विकत घ्यावयाच्या, हा व्यवहार हिशेबी मध्यमवर्गास शोभत नाहीं. शिवाय ज्याच्या खिशांत पैसा नाहीं, त्यानें ऐन उन्हाळ्यांत कोठें जावें? ज्यांचा शब्द ऐकला जातो तेच लोक सार्वजनिक बागेकडे पाठ फिरवितात, तेव्हां तेथील फुटका नळ दुरुस्त करण्याची निकड कोणासच वाटेनाशी होते.

आणि हा गारवा कोणत्या जमिनीवर उभा आहे, याचा तरी विचार करावा. १९८२ च्या संपानंतर गिरणगांवांतील गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीनें त्या जमिनींची वांटणी स्थूलमानानें अशी ठरविली होती : एक तृतीयांश मोकळ्या जागांसाठीं महानगरपालिकेस, एक तृतीयांश सार्वजनिक घरांसाठीं आणि उरलेला भाग मालकास. २००१ सालीं नियम बदलला आणि ही वांटणी केवळ बांधकाम नसलेल्या रिकाम्या जमिनीपुरती उरली. मुंबई उच्च न्यायालयानें २००५ सालीं या बदलाविरुद्ध निकाल दिला. सर्वोच्च न्यायालयानें २००६ सालीं तो फिरविला. जेथें बागा आणि मैदानें होण्याचा संभव होता, अशा जमिनींपैकीं कांहींवर आज मॉल उभे आहेत. तेथील पायऱ्यांवर बसून "मुंबईंत मोकळी जागा कोठें आहे?" असें आपण मुलांना सांगतों, यापरता उपहास तो कोणता?

कायद्याची लढाई वकिलांनीं लढावी. पण मोकळी जागा टिकते ती मुख्यत्वें वहिवाटीनें. ज्या बागेंत दर रविवारीं हजार कुटुंबें बसतात, तिच्यावर हात टाकण्यापूर्वीं कोणीही दहादां विचार करील. ओसाड बागेला कोणी वाली नसतो. म्हणून सुटीच्या दिवशीं डबा आणि पाण्याची सुरई घेऊन राणीच्या बागेंत जाणें, ही केवळ काटकसर नव्हे. तेथें शौचकूप घाणेरडें आढळलें तर नाक मुरडून परतूं नये. वॉर्डाच्या कचेरींत तक्रार नोंदवावी आणि पुढल्या रविवारीं तिचें काय झालें तें पाहण्यासाठीं पुन्हां जावें. शहर हें केवळ खरेदीचें ठिकाण आहे, असें ज्या मुलांच्या मनावर ठसेल, तीं उद्यां त्याच्या मैदानांसाठीं भांडणार नाहींत. आणि त्याचा दोष त्यांच्याकडे नसून त्यांच्या सुट्या ज्यांनीं आंखल्या त्यांच्याकडे असेल.