शाळेची सभा आईबापाच्या सोयीने घ्या

बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या लैंगिक अत्याचाराच्या घटनेनंतर 21 ऑगस्ट 2024 रोजी शासनाने शाळांच्या सुरक्षेसाठी निर्णय काढला. महिनाभरात सीसीटीव्ही लावा, तक्रारपेटी ठेवा, अनुचित प्रकार घडला तर 24 तासांत शिक्षणाधिकाऱ्यांना कळवा. हे सगळं हवंच. आमच्या चिमूर तालुक्यात मात्र शाळेच्या फाटकाबाहेरचा रस्ताही तितकाच धोक्याचा आहे.

ताडोबा व्याघ्र प्रकल्पाच्या बफर क्षेत्राला लागून आमचं गाव. उन्हाळ्यात शाळा सकाळपाळीची होते, पोरं झुंजूमुंजू होताच निघतात. त्याच वेळी आम्ही बाया मोहफुलं वेचायला जंगलात असतो. वाघाच्या हल्ल्याच्या बातम्या ऐन मोहाच्या आणि तेंदूपत्त्याच्या हंगामात येतात. पुढच्या वर्गासाठी दुसऱ्या गावी जाणाऱ्या पोरी पायीच असतात. मानव विकास मिशनच्या निळ्या बसमध्ये त्यांना तिकीट पडत नाही, पण बस शाळेच्या वेळेला आली तरच तिचा उपयोग.

हे मांडायची जागा कायद्यानेच दिली आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत आणि निम्म्या महिला हव्यात. शाळेचा विकास आराखडाही याच समितीने करायचा. मी अशा समितीवर आहे. सभा लागते दुपारी बाराला, आणि श्रावणात त्या वेळी आम्ही बांधीत रोवणीला वाकलेल्या असतो. सभेला गेलं की दिवसाची मजुरी बुडते. मग रजिस्टर घरी येतं, आम्ही सही करतो आणि कागदावर सभा पार पडते. रस्त्याचा विषय कोणी काढतच नाही.

अशा सहीने पोरं सुरक्षित होत नाहीत. म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. सभा संध्याकाळी, कामावरून परतल्यावर घ्या. पालक हजर नसतील तर ती झाली असं धरू नका. प्रत्येक शाळेच्या विकास आराखड्यात शाळेच्या वाटेची सुरक्षाही लिहा. सकाळपाळी सुरू होण्याआधीच्या सभेला वनविभागाचा आणि चिमूर आगाराचा माणूस बोलवा. बस किती वाजता येईल, वाघाचा वावर असेल त्या दिवशी पोरांसोबत कोण जाईल, हे तिथेच ठरवा आणि ठरावात नोंदवा.

बायांनो, तोवर रजिस्टर घरी आलं तर सही करू नका. सभा लावा म्हणा, आम्ही येतो.