गाडीचं नाक

सोलापूरकरांवर कुणी काय वाटेल ते आरोप करावेत, पण निदान मोटारीच्या बाबतीत त्यांना कुणी अस्वच्छ म्हणू शकणार नाही. सकाळी सहाला आमच्या कॉलनीतून एक चक्कर मारून बघा. प्रत्येक फाटकापुढे एकेक गृहस्थ लुंगी वर खोचून, हातात नळी घेऊन गाडीला अभ्यंगस्नान घालत असतो. स्वतःच्या पाठीला उटणं लावायला ज्याला दिवाळी उजाडावी लागते, तोच हा गृहस्थ टपावरचा कावळ्याचा ठिपका नखाने हळुवार खरवडत असतो. आणि हे कुठल्या गावात? तर ज्या गावाने वर्षानुवर्षे चार-चार दिवसांआड नळाला पाणी आलेलं पाहिलं, ज्याची तहान भागवायला उजनीचं पाणी शंभरेक किलोमीटरवरून नळातून आणावं लागतं, त्या गावात!

माझं भांडण स्वच्छतेशी नाही. माझं म्हणणं एवढंच, की हे लोक गाडीच्या तोंडाला रोज पावडर लावतात आणि तिचं नाक मात्र जन्मात कधी शिंकरत नाहीत.

गाडीला नाक असतं. पुढच्या जाळीतून वाकून पाहा. आत एकीमागे एक अशा पातळ पात्यांच्या चौकटी उभ्या असतात. पुढे एसीचा कंडेन्सर, त्याच्यामागे रेडिएटर. टर्बोवाली डिझेल गाडी असली तर इंटरकूलरही. तो कुठे पुढे असतो, कुठे बाजूला, तर कुठे इंजिनाच्या डोक्यावर. रेडिएटर काय करतो हे सर्वांना ठाऊक असतं. इंजिनात तापलेलं पाणी त्याच्या बारीक नळ्यांतून फिरतं आणि बाहेरची हवा त्याला निववते. इंटरकूलर मात्र गरीब बिचारा, त्याचं नावही कुणी घेत नाही. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं बूड कसं तापतं, ते आठवा. टर्बोही हवा दाबतो आणि दाबलेली हवा तापते. तापलेली हवा विरळ, म्हणजे इंजिनाच्या पोटाला अर्धपोटी जेवण. ती थंड करून दाट करायची, हे इंटरकूलरचं काम.

ही युक्ती जुनी आहे. १९०० साली विल्हेल्म मायबाख नावाच्या जर्मन गृहस्थाने मर्सिडीजसाठी मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बनवला, त्यात आठ हजारांवर बारीक नळ्या होत्या. एवढा खटाटोप त्याने हवा खेळती राहावी म्हणून केला. आणि आम्ही त्या हवेच्या वाटेत काय भरून ठेवतो? गेल्या उन्हाळ्यात आमच्या गाडीच्या जाळीतून निघालेल्या ऐवजाची यादी देतो. अक्कलकोट रोडच्या बाजूने गोळा केलेला टॉवेलांच्या मागांचा कापूस, शाळूचं भूस, उसाचं पाचट, असंख्य चिलटं, दोन फुलपाखरं आणि गड्ड्याच्या जत्रेतल्या फुग्याचा एक लाल तुकडा. संग्रहालयच म्हणा ना! मे महिन्यात पारा ४३ वर गेलेला असताना त्या गाडीने श्वास घ्यायचा कुठून?

यावर आमचे शेजारी अण्णा म्हणतात, "काटा तर मधोमध हाय की वो! मग कशाला उगीच?"

अण्णा, आताच्या पुष्कळ गाड्यांत तो काटा मुद्दामच असा बसवलेला असतो, की थोड्याफार चढ-उताराने जागचा हलू नये. तुमच्यासारख्यांना धीर यावा म्हणून! तो हलतो तेव्हा बहुधा तुम्ही तुळजापूरच्या घाटात असता, मागे लग्नाला निघालेली म्हातारी आई असते, आणि बॉनेटमधून वाफ येत असते. अशा वेळी कुणी शूरवीर टोपण उघडायला धावतो. त्या टोपणाने आतलं पाणी दाबात धरलेलं असतं, म्हणून ते शंभर अंशाच्या पुढे जाऊनही उकळत नाही. टोपण सैल केलं की उकळतं, ते थेट त्याच्या तोंडावर.

दुसरा पक्ष म्हणतो, "आम्ही वॉशिंगला देतो ना!" तिथला पोरगा गाडीइतक्याच प्रेमाने रेडिएटरवरही तोफ डागतो. त्या पात्या कागदासारख्या पातळ असतात. जोराच्या धारेने त्या आडव्या पडतात आणि चोंदलेलं नाक कायमचं बुजतं.

घरी काय लागतं? गाडी रात्रभर निवलेली, एक बादली पाणी आणि मऊ ब्रश. ब्रश पात्यांच्या दिशेनेच फिरवायचा. पाणी हलक्या हाताने, आणि जिथे हात पोचेल तिथे इंजिनाच्या बाजूने बाहेर सोडायचं, म्हणजे घाण आली त्या वाटेने परत जाते. संडासाचं ॲसिड वापरायचं नाही, पात्या ॲल्युमिनियमच्या असतात. इंटरकूलर आतून तेलकट झाला असेल, तर ते मेस्त्रीचं काम, त्यात आपण नाक खुपसू नये.

रेडिएटरच्या पोटात बोअरचं पाणी तर मुळीच ओतू नका. आमच्या बोअरच्या पाण्याने बंबाला आतून कसा पांढरा थर चढतो, हे घरातल्या बायकांना विचारा. तोच थर त्या बारीक नळ्यांत बसतो. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर, बस्स. जुनं कूलंट गटारात सोडायचं नाही. ते चवीला गोड आणि पोटात गेलं की विष. गल्लीतली कुत्री ते चाटतात आणि मरतात. आपली गाडी थंड राहावी म्हणून मुक्या जिवाचा बळी कशाला?

आमची सौ. विचारते, "एवढ्या सोप्या कामाला लोक तयार का होत नाहीत?" कारण सोपं आहे. रेडिएटर शेजाऱ्याला दिसत नाही. टप दिसतो. आपण गाडी धुतो ती गाडीसाठी नव्हे, अण्णांसाठी. आणि अण्णा धुतात ते आपल्यासाठी. या आपसातल्या कौतुकापायी रोज पाचपाच बादल्या उजनी रस्त्यावर वाहते.

तेव्हा येत्या रविवारी टप राहू द्या धुळकट. त्यातली एक बादली नाकाला द्या, उरलेल्या चार पिंपात साठवा. कावळ्याच्या ठिपक्याने आजवर कुठल्याही गाडीचं इंजिन बसलेलं नाही.