नीटमला दुवा म्हणणे थांबवा

प्रकटबीज वनस्पतींच्या प्रात्यक्षिकात नीटमची काचपट्टी शेवटी येते आणि तिच्यासोबत ठरलेले वाक्यही येते: प्रकटबीज आणि आवृतबीज यांना जोडणारा हा दुवा. अध्यापक मित्रांनो, ते वाक्य आता वगळा.

ते उगाच रूढ झाले नव्हते. नीटमचे पान जाळीदार शिरांचे, काष्ठात वाहिन्या, शिवाय नीटम आणि वेल्विट्शिया या दोघांतही अंदुककलश नाही. 1980 च्या दशकात क्रेन, डॉयल आणि डोनह्यू यांनी बाह्यलक्षणांच्या विश्लेषणातून नीटम, वेल्विट्शिया आणि इफेड्रा यांचा गट फुलझाडांच्या शेजारी बसवला. 1990 मध्ये फ्रीडमन यांनी इफेड्रात दुहेरी फलन दाखवले आणि अनेकांना वाद मिटल्यासारखे वाटले. पण त्या दुसऱ्या फलनातून भ्रूणपोष होत नाही, जादा भ्रूण होतो!

वाहिन्यांनी तर फार आधीच इशारा दिला होता. फुलझाडांत वाहिनीची तोंडे शिडीसारख्या आडव्या फटींतून घडली. इफेड्रात ती कडा असलेल्या गोल खाचांतून घडली, असे थॉम्पसन यांनी 1918 मध्येच मांडले. पुढे त्यावर आक्षेप आले, तरी 2000 च्या सुमारास जनुकीय पुरावा त्यांच्याच बाजूने झुकला. त्यानुसार या तिन्ही प्रजातींचे जवळचे नातलग शंकुधारी, त्यातही बहुधा पाइनचे कुल. हरितलवकातील एनडीएच जनुके दोन्हीकडे नाहीशी झालेली आहेत, हेही लक्षात घ्यावे.

मग यांना ठेवायचे कुठे? बेंथम-हूकर यांनी तिघांना एकाच कुलात घातले होते आणि आपले अनेक वनस्पतिसंग्रह अजून त्याच क्रमाने लावलेले असतात. 2011 च्या क्रिस्टेनहुस आणि सहकाऱ्यांच्या मांडणीत तीन कुले, तीन गण आणि त्यांवर स्वतंत्र उपवर्ग आहे. तीन कुले आम्हाला मान्य आहेत. वाळवंटात दोनच पाने आयुष्यभर वाढवणारी वेल्विट्शिया आणि सह्याद्रीतली महावेल नीटम उला एका कुलात कोंबण्यात अर्थ नाही. स्वतंत्र उपवर्ग मात्र खटकतो: पाइन हा यांचा सख्खा शेजारी असेल, तर यांना वगळून उरलेल्या शंकुधारींचा गट अपुरा ठरतो.

संग्रहातले कप्पे हलवायला वेळ लागेल. प्रात्यक्षिक तर याच सत्रात बदलता येईल. इफेड्राच्या खोडाचा अरीय छेद आणि सोनचाफ्याच्या लाकडाचा अरीय छेद शेजारी ठेवा, विद्यार्थ्यांना वाहिन्यांची तोंडे काढायला सांगा आणि गुण त्या आकृत्यांना द्या.