किल्ली कुणाची: यंत्राची की आपली?



दिवाळीची आवराआवर सुरू झाली की घरातला जुना लॅपटॉप हमखास वर येतो. तिकडे तो माळ्यावर सापडतो, इकडे झोल्डरवर, एवढाच फरक. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चे नेहमीचे मोफत अपडेट बंद झाले. विंडोज ११ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. जुन्या यंत्रांत ते नसते, म्हणून घरोघरी नवा लॅपटॉप आला आणि त्यामागोमाग एक प्रश्नही: "जुन्या विंडोजचे पैसे भरलेत ना आपण? मग तेच नव्यावर का नाही चालणार?"

प्रश्न चिकटपणाचा नाही, हक्काचा आहे. पण उत्तर द्यायचे तर आधी आपल्याकडचे लायसन्स कोणत्या जातीचे, ते पाहावे लागते. घरगुती वापरात मुख्यतः दोन जाती भेटतात.

पहिली ओईएम, म्हणजे लॅपटॉपबरोबर आतच आलेली विंडोज. तिला कंपनीचे क्वार्टर समजा. नोकरी आहे तोवर घर आपले, नोकरी सुटली की किल्ली परत. इथे नोकरी म्हणजे ते यंत्र. विंडोज ८पासून बहुतेक लॅपटॉपमध्ये ही किल्ली मदरबोर्डवरच्या चिपमध्येच लिहिलेली असते. लॅपटॉप दुसऱ्याला दिला तर लायसन्सही त्याच्याबरोबर जाते. पण करारानुसार ते एकटे काढून नव्या यंत्रावर नेता येत नाही.

दुसरी रिटेल, म्हणजे वेगळे पैसे मोजून घेतलेली. हे आपले स्वतःचे बिऱ्हाड. घर बदलले की टेम्पोत भरून न्यावे. अट एकच: एका वेळी एकाच घरात. नव्यावर चढवायचे तर जुन्यावरून काढलेच पाहिजे. रिटेल विंडोज १०ची किल्ली विंडोज ११ला चालते. मात्र होमची होमला आणि प्रोची प्रोला. विंडोज ७ आणि ८च्या किल्ल्यांनी नवी विंडोज उघडण्याची सोय २०२३मध्ये बंद झाली.

जात ओळखायची कशी? विंडोजच्या शोधपट्टीत रोमन अक्षरांत 'सीएमडी' लिहून काळी खिडकी उघडा. तिथे 'एसएलएमजीआर', मग एक जागा सोडून तिरकी रेघ आणि लगेच 'डीएलआय' असे लिहा. एंटर दाबल्यावर येणाऱ्या चौकटीत ओईएम किंवा रिटेल हा शब्द दिसेल. हे जुना लॅपटॉप पुसण्याआधी करायचे, नंतर नाही.

आता हक्काचे बघू. लॅपटॉपच्या बिलावर विंडोजची किंमत सहसा वेगळी दिसत नाही. फ्रान्समधल्या एका ग्राहकाने २००८मध्ये सोनीचा लॅपटॉप घेतला आणि आतल्या सॉफ्टवेअरचे पैसे परत मागितले. प्रकरण लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयापर्यंत गेले. सॉफ्टवेअरसह लॅपटॉप विकला आणि किंमत फोडून दाखवली नाही, एवढ्यानेच तो अनुचित व्यापार ठरत नाही, असे न्यायालयाने ७ सप्टेंबर २०१६ला सांगितले. म्हणजे चौकशी करायची ती घेतानाच.

पण त्याच न्यायालयाने ३ जुलै २०१२ला ग्राहकाच्या बाजूचाही एक मोठा निकाल दिला होता. यूज्डसॉफ्ट ही जर्मन कंपनी ओरॅकलची वापरलेली लायसन्से विकत असे. न्यायालय म्हणाले, कायमस्वरूपी वापराचे लायसन्स एकदा पैसे घेऊन विकले की पुढची विक्री मूळ कंपनीला अडवता येत नाही. डाउनलोड केलेल्या सॉफ्टवेअरलाही हे लागू आहे. अटी दोन: विकणाऱ्याने आपली प्रत निकामी करायची आणि अनेकांसाठी एकत्र घेतलेले लायसन्स फोडून सुटे विकायचे नाही. इंटरनेटवर दहा-पंधरा युरोला मिळणाऱ्या किल्ल्या बघताना ही दुसरी अट जरूर आठवा. स्वस्त किल्ली नेहमीच खोटी नसते, पण ती कुठल्या जुडग्यातून निघाली हे आपल्याला कळत नाही.

आणखी एक बारकावा, खास आपल्यासाठी. हा हक्क पहिली विक्री युरोपात झाली असेल तरच मिळतो. पुण्याहून आणलेला विंडोजचा डबा मार्क्टप्लाट्सवर विकायला काढलात तर या निकालाचा आधार घेता येणार नाही.

मग जुन्या यंत्राचे काय? लायसन्स ओईएम असेल तर ते त्याच्याजवळच राहू द्या. नव्या लॅपटॉपबरोबर बहुधा त्याची स्वतःची विंडोज आलेलीच असते. रिटेल असेल तर बिल पासपोर्टच्या फाइलमध्ये जपा. बिनविंडोजचे यंत्र घ्याल तेव्हा ते पैसे वाचवेल. आणि लॅपटॉप विंडोज ११ पेलणार नसला तरी तो लगेच भंगार होत नाही. लिनक्सला लायसन्सचे पैसे पडत नाहीत आणि तिच्या हलक्या आवृत्त्या जुन्या यंत्रावरही बऱ्या चालतात. स्वतः करायची धास्ती वाटत असेल तर जवळच्या रिपेअर कॅफेत विचारा. मार्टिन पोस्टमा या बाईंनी २००९मध्ये आम्स्टरडॅममध्ये सुरू केलेली ही चळवळ आता देशभर पसरली आहे. मुलांच्या मराठी शाळेच्या गृहपाठाला असा लॅपटॉप अजून काही वर्षे सहज पुरेल.

शुभ दीपावली!