हार्ड डिस्क रुसली तर…

आजोबांचे फोटो असलेली पोर्टेबल हार्ड डिस्क आमच्या लिनक्स कॉम्प्युटरवर उघडेचना. मी ती गोल बाजारातून आणलेल्या, अडॅप्टर नसलेल्या यूएसबी हबला जोडली होती. सिस्टीमचा लॉग वाचला, तेव्हा कारण कळलं: वीज अपुरी!

यूएसबी २.० चा पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो. अशा साध्या हबमधून मात्र प्रत्येक पोर्टला १००च मिळतात. डिस्कने ५०० मागितले, लिनक्सने नकार दिला. हा नकार कमांड देऊन डावलता येतो, पण कमांडने वीज वाढत नाही. कॉपी करताना डिस्क बंद पडली, तर फोटोच जायचे!

त्यापेक्षा डिस्क थेट कॉम्प्युटरला लावा किंवा स्वतःचा अडॅप्टर असलेला हब घ्या. मी डिस्क थेट लावली, आधी फोटोंची दुसरी प्रत काढली, मगच पुन्हा बाजार गाठला.

तुमच्याकडे दुसरी प्रत आहे ना?