डोळा निर्मळ, दृष्टी मात्र मंद

अनिमित्तज लिंगनाशात डोळा बाहेरून निर्मळ, वैडूर्यासारखा दिसतो, असे सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्रात म्हटले आहे. पंचविशी-तिशीतील रुग्णाच्या एका डोळ्याची दृष्टी दोन-चार दिवसांत मंदावते, डोळा फिरविताना दुखतो, लाल रंग फिका भासतो आणि डोळा मात्र स्वच्छ असतो, तेव्हा आम्हांस त्या वर्णनाचे स्मरण होते. दोन्ही व्याधी एकच, असा आमचा दावा नाही. तसले दावे आपल्याकडे पुष्कळ झाले.

अशा वेळी बहुधा दृष्टिनाडीचा शोथ, म्हणजे ऑप्टिक न्यूरायटिस, असतो. त्यामागे मल्टिपल स्क्लेरोसिस वा न्यूरोमायलायटिस ऑप्टिका असू शकतो. शरीराची रक्षणयंत्रणाच स्वतःच्या मज्जासंस्थेवर उलटलेली असते. दुसऱ्या व्याधीचे विशिष्ट प्रतिपिंड २००४ साली उजेडात आले आणि रक्तपरीक्षेने तो ओळखणे शक्य झाले. त्यात उपचारास झालेला विलंब दृष्टी कायमची नेऊ शकतो. म्हणून आरंभीच्या दिवसांत तर्पण-अंजनात वेळ दवडणे आम्हांस सर्वथा अमान्य आहे. रुग्ण त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे गेला पाहिजे.

औषधविक्रेत्या बंधूंनी प्रेडनिसोलोनच्या चार गोळ्या देऊन त्याची बोळवण करू नये. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत नेहमीच्या मात्रेत केवळ तोंडाने प्रेडनिसोन दिलेल्यांत हा शोथ अधिक वेळा उलटला. शिरेवाटे मिथाइलप्रेडनिसोलोन दिलेल्यांची दृष्टी लवकर सुधारली.

सोबतच्या चिठ्ठीत दृष्टी कधी मंदावली, न थांबणारी उचकी-वांती किंवा पायांत बधिरपणा होता काय आणि आपण कोणते औषध दिले, एवढे अवश्य लिहावे.