हवेलीचा सैनिक, रामकथेचा गायक

गेल्या रामनवमीस सिल्वासा येथील एका मराठी बिऱ्हाडी जाण्याचा योग आला. घरधनी कारखान्यातील नोकरीनिमित्त वीस-बावीस वर्षांपूर्वी तेथे स्थायिक झालेले. देव्हाऱ्यापुढे रामजन्माचा पाळणा सजला होता, सुंठवड्याचा वास दरवळत होता आणि आतल्या खोलीतून सुधीर फडके यांच्या स्वरातील ‘गीतरामायण’ ऐकू येत होते. प्रसाद घेता घेता मी सहज म्हणालो, “हा गाणारा माणूस याच गावात एकदा शस्त्र घेऊन उतरला होता, ठाऊक आहे ना?” मंडळी एकमेकांकडे पाहू लागली. कॉलेजात जाणारा मुलगा तर हसला. त्याला ती थट्टा वाटली.

दोष त्या मुलाचा नाही. आपण मोठ्यांनीच ही हकिकत घरात कधी सांगितलेली नसते.

नगर हवेलीचा हा मुलूख मूळचा मराठी राज्यातला. 1779 च्या तहानुसार पेशव्यांनी येथील काही गावांचा महसूल पोर्तुगीजांना लावून दिला आणि पुढे हा 72 गावांचा प्रदेशच त्यांच्या हाती गेला. देश 1947 मध्ये स्वतंत्र झाला, तरी दमणगंगेच्या काठी परक्यांचे निशाण फडकतच राहिले. अखेर 1954 च्या पावसाळ्यात ते उतरू लागले. 22 जुलैला फ्रान्सिस मस्करेन्हस व वामन देसाई यांच्या युनायटेड फ्रंट ऑफ गोअन्सने दादरा मुक्त केले. त्यानंतर नरोली गेले आणि 2 ऑगस्टला सिल्वासा मुक्त झाले. पोर्तुगीज कप्तान फिदाल्गो आपल्या शिपायांसह खानवेलच्या बाजूस हटला होता. 11 ऑगस्टला तोही शरण आला.

सिल्वासावर चालून गेलेल्या तुकडीत सरकारी फौजेतील शिपाई नव्हते. राजाभाऊ वाकणकर आणि नाना काजरेकर यांच्यासारखे धाडसी कार्यकर्ते होते, शिवचरित्राने झपाटलेले बाबासाहेब पुरंदरे होते, पुढे सोळा भाषांचा ‘भारतीय व्यवहार कोश’ रचणारे विश्वनाथ नरवणे होते आणि बाबूजी, म्हणजे सुधीर फडके, होते. शस्त्रांसाठी पैसा हवा म्हणून लता मंगेशकर यांच्या गायनाचा कार्यक्रम झाला होता. गाण्याच्या मैफलीतून दारूगोळा उभा राहिल्याचे दुसरे उदाहरण निदान माझ्या ऐकिवात नाही!

आता त्या वेळच्या बाबूजींचा संसार पाहा. 25 जुलै 1919 चा त्यांचा जन्म; म्हणजे पस्तिसावे वर्ष पुरे होऊन जेमतेम आठवडा लोटलेला. चित्रपटसृष्टीत संगीतकार म्हणून नाव झालेले. 1949 मध्ये गायिका ललिता देऊळकर यांच्याशी विवाह झाला, आणि त्या लग्नात मंगलाष्टके म्हणायला महंमद रफी उभे होते. मुलगा श्रीधर अजून चार वर्षांचाही नव्हता. अशा माणसाने घरी बसून देशभक्तीच्या गीतांना चाली लावल्या असत्या, तरी त्यांना कोणी नावे ठेवली नसती. गोळी लागली असती, तर मागे तरुण पत्नी आणि अजाण लेकरू होते. हवेलीच्या मुक्तीची हकिकत लिहिणारे तारखा लिहितात, नावे लिहितात. पण उंबऱ्यापाशी उभे राहून जाणाऱ्याला निरोप देणारीच्या वाट्याला एक ओळही येत नाही. ललिताबाईंच्या मनाने त्या दिवसांत काय सोसले असेल, याचा विचार प्रत्येक गृहिणीने आपापल्या मनाशी करावा.

मला मात्र या सैनिकाचा खरा मोठेपणा 2 ऑगस्टनंतरच्या आयुष्यात दिसतो. मुलूख मुक्त झाला आणि तेथे वरिष्ठ पंचायतीचा कारभार सुरू झाला. पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दाद मागितली. 12 एप्रिल 1960 च्या निकालाने सशस्त्र दले या मुलखात नेण्याचा त्यांचा दावा टिकला नाही. 11 ऑगस्ट 1961 रोजी हवेली भारतात रीतसर विलीन झाली. बाबूजींनी या पराक्रमाच्या बळावर कोणतीही गादी मागितली नाही. ते आपल्या पेटीकडे आणि आपल्या घराकडे परतले.

आणि परतल्यावर त्यांच्या हातून काय घडले? पुरते आठ महिनेही झाले नव्हते. 1 एप्रिल 1955, रामनवमी. त्या दिवशी पुणे आकाशवाणीवरून ग. दि. माडगूळकरांच्या ‘गीतरामायणा’चे पहिले गीत प्रसारित झाले. वर्षभर चाललेल्या त्या उपक्रमात 56 गीते झाली. सर्व चाली बाबूजींच्या, आणि गाणाऱ्यांत ललिताबाईंचाही स्वर होता. वनातील संग्राम आटोपून घरी परतलेल्या रामाची कथा, स्वतः तसाच परतलेला एक गृहस्थ पत्नीसह गात होता. त्या स्वरांतील श्रद्धा ऐकणाऱ्याला खरी वाटते, तिचे एक कारण हेही असावे.

श्रद्धेच्या बाबतीत ते हट्टी होते. सावरकरांवरील भक्तीपोटी त्यांनी लोकवर्गणीतून चित्रपट काढायचे ठरवले आणि उतारवयातील कित्येक वर्षे त्यापायी वेचली. 2001 मध्ये ‘वीर सावरकर’ पडद्यावर आला. 29 जुलै 2002 रोजी बाबूजी गेले. चारच दिवसांनी सिल्वासात मुक्तिदिनाचे झेंडावंदन व्हायचे होते. एका रात्रीचे शौर्य पुष्कळांना साधते. पण तीच निष्ठा पुढे अठ्ठेचाळीस वर्षे संसारात, स्वरांत आणि हाती घेतलेल्या कामात टिकवणे, हे फार थोड्यांना जमते.

त्या रामनवमीला निघताना मी त्या मुलाला गीतरामायणाच्या आरंभाची आठवण करून दिली. रामाचेच पुत्र कुश आणि लव भर सभेत, आपल्या पित्यासमोर पित्याची कथा गातात. बाबूजींच्या घरीही श्रीधरजी संगीतकार झाले आणि वडिलांचा वारसा त्यांनी पुढे नेला. “सिल्वासातल्या मराठी मुलांनी निदान या गावची कथा तरी सांगावी,” मी म्हणालो. तो या वेळी हसला नाही. “काका, दोन ऑगस्टला कॉलेजात मी बोलू का यावर?” त्याने विचारले.

वाचकहो, महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्या घरांत रामजन्माचा पाळणा अजून हलतो, ही समाधानाची गोष्ट आहे. त्या पाळण्याशेजारी बसून ज्या मातीत आपण राहतो, तिच्यासाठी कोण कोण घर सोडून गेले होते, हेही मुलांना सांगत जाऊ या.